चौदर्शनी मत्स्यालयाची गुप्त जलवाहिनी

चारही बाजूंनी पाहता येणाऱ्या मत्स्यालयास पाठीमागची बाजू नसल्यामुळे, भिंतीलगतच्या टाकीत सहज दडणाऱ्या नळ्यांची तजवीज येथे टाकीच्या गर्भातच करावी लागते. मध्यभागी पोकळ स्तंभ उभारून त्याच्या माथ्यावरील खाचांतून पृष्ठभागावरचे पाणी आत उतरवितात, तळाच्या छिद्रातून ते बैठकीखालील हौदात नेतात आणि गाळून झाल्यावर पंपाद्वारे त्याच स्तंभातून वर चढवितात. ही छिद्रे काच जोडण्यापूर्वीच पाडावयाची असतात. कडक केलेल्या काचेस मात्र छिद्र पाडू जाता ती चुरा होते. मुख्य उतारनळी तुंबल्यास टाकी ओसंडू नये म्हणून दुसरी, राखीव नळी अपरिहार्य होय. तीत काटकसर करणे हा शुद्ध अविचार.

नांदेड-लातूरकडे वीज अवचित जाते, हे गृहीत धरूनच हौदाचे माप ठरवावे. पंप थांबताच १२० × ६० सेंटीमीटर पृष्ठभागाची पातळी ३ सेंटीमीटर उतरली, तरी २१.६ लिटर पाणी खाली येते. परतनळीचे मुख खोल बुडालेले असल्यास उलट्या ओढीने याहून पुष्कळ अधिक येते. म्हणून त्या नळीस पृष्ठभागालगत वायुछिद्र ठेवतात. स्तंभ झाकण्यास मराठवाड्यातील काळा बेसाल्ट उत्तम. चुनखडीने पाण्याचा जडपणा वाढतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणविणाऱ्या लातुरात टाकीतले तेच ते पाणी पुन्हा पुन्हा फिरविणारी ही रचना विशेष सोयीची आहे. बाष्पीभवनाची तूट भरावी लागते आणि अधूनमधून थोडे पाणी बदलावेही लागते.