दसरा चौकातली बोर्डिंगं

आमच्या राधानगरीहून कोल्हापूर साधारण पन्नास किलोमीटर. आज एसटीत बसलं की दीड-दोन तासांत माणूस पोचतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र बैलगाडी, नाहीतर पायपीट. इकडच्या पोराला हायस्कूल शिकायचं तर कोल्हापुरातच राहायला हवं. पण राहायचं कुठे आणि जेवायचं कुणाकडे? घोडं पेंड खायचं ते इथेच!

या प्रश्नाचं उत्तर कोल्हापूरच्या दसरा चौकात दगडाविटांत उभं आहे. विजयादशमीला सोनं लुटायला इथे सारं शहर लोटतं. इतर दिवशी गाड्यांची वर्दळ. पण जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, चित्रदुर्ग मठातलं लिंगायत बोर्डिंग, यांच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की चौकाचा गलका मागे राहतो.

शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींसाठी मिळून एक वसतिगृह काढलं होतं. फायदा झाला मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांचा, कारण हायस्कूलपर्यंत पोचत होते तेच. मग महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहं निघाली. १९०६ मध्ये मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी संस्था झाली, अध्यक्ष स्वतः महाराज. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह निघालं, त्याला नाव दिलं मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचं, मिस क्लार्क. महाराजांनी जागा आणि मदत द्यायची, समाजातल्या लोकांनी वर्गणी काढून संस्था चालवायची, अशी ही रीत होती.

माझ्या नातीने हे ऐकून विचारलं, "आजोबा, जाती मोडायच्या होत्या, तर मग जातीची बोर्डिंगं कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मी तिला जैन बोर्डिंगमधल्या एका मुलाची गोष्ट सांगितली.

तो मुलगा मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आला. परतल्यावर आंघोळ करून मगच जेवायला बस, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने साफ नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्याच्या चरित्रांत सांगितलं जातं. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील! १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस.

जातीच्या बोर्डिंगात राहिलेल्या मुलानेच एक पंगत मांडली आणि तिला नाव दिलं महाराजांचं. नातीला यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नाही.

नोकरीच्या काळात वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी हुशार मुली शाळा सोडताना मी पाहिल्या. फी माफ होती, पुस्तकं मिळत होती. पुढची शाळा दूर आणि राहायची सोय नाही, एवढंच कारण. शाळेइतकीच पोराच्या ताटाची आणि अंथरुणाची काळजी करावी लागते, हे त्या राजाला १९०१ मध्ये कळलं होतं.

दसरा चौकातून जाल तेव्हा या इमारतींकडे एकदा थांबून बघा.