एका कलमाची कुळकथा

इ. स. १९३५ साली ब्रिटिश पार्लमेंटाने टपालखात्याच्या कायद्यात एक लहानशी दुरुस्ती केली. त्या काळी पुष्कळ ठिकाणी टेलिफोन करावयाचा म्हणजे प्रथम एक्स्चेंजमध्ये बसलेल्या मुलीशी बोलावे लागे. तिला क्रमांक सांगावयाचा, तिने तार जोडून द्यावयाची आणि मग पलीकडच्या माणसाशी संभाषण सुरू व्हावयाचे. तारेच्या आड दडून या मुलींना अभद्र शिवीगाळ करणारे महाभागही होते. अशांना आळा बसावा, म्हणून टेलिफोनवरून अत्यंत आक्षेपार्ह, असभ्य, अश्लील किंवा धमकीवजा निरोप पाठविणे हा अपराध ठरविण्यात आला. हेतू सरळ होता आणि त्यात कोणाला खटकण्याजोगे काही नव्हते.

परंतु कायद्यातील शब्दांना स्वतःचे असे आयुष्य असते. ज्या कारणासाठी ते जन्मास येतात ते कारण नाहीसे झाले, तरी शब्द मागे उरतात. आणि कधी कधी समुद्र ओलांडून परक्या देशात, अगदी निराळ्या यंत्रावर जाऊन बसतात. टेलिफोनवरील त्या मुलींच्या रक्षणार्थ योजिलेल्या शब्दांनी ७३ वर्षांनंतर भारताच्या कायद्यात प्रवेश केला आणि पालघरसारख्या गावातील दोन तरुणींना पोलीस ठाण्याची पायरी दाखविली. हे कसे घडले, हे पाहणे उद्बोधक आहे.

इंग्लंडात हे शब्द १९५३, १९६९ आणि १९८४ च्या कायद्यांतून वाट काढीत २००३ च्या दळणवळण कायद्यात आले. प्रत्येक वेळी यंत्र बदलले होते, शब्द मात्र जवळजवळ तेच राहिले. या दोहोंतील विसंगती प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. टेलिफोनवरचे बोलणे म्हणजे एका माणसाने दुसऱ्या एका माणसाच्या कानाशी केलेले बोलणे. ऐकणारा कोण हे ठरलेले असते आणि त्याला त्रास देणे हाच बोलणाऱ्याचा हेतू आहे की काय, हे ठरविणेही फारसे कठीण नसते. इंटरनेटची गोष्ट निराळी. तेथील बोलणे हे चव्हाट्यावरचे बोलणे होय. कोण ऐकेल, किती जण ऐकतील आणि त्यांतील कोणाचे मन दुखावेल, याचा अंदाज बोलणाऱ्यास येणे शक्य नसते. कानाशी बोलण्याला लाविलेले माप चव्हाट्याला लाविले, तर चव्हाटाच बंद पाडावा लागतो.

भारतात सामान्य नागरिकास इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे. त्यानंतर पाच वर्षांनी, १७ ऑक्टोबर २००० पासून, माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला. या मूळ कायद्याचा भर व्यापारावर होता. संगणकावरील दस्तऐवज ग्राह्य धरावे, अंकीय स्वाक्षरीस मान्यता मिळावी, असे त्याचे मुख्य प्रयोजन. पुढे २००८ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. मुंबईवर २६ नोव्हेंबरला झालेल्या भयंकर हल्ल्यास तेव्हा एक महिनाही लोटला नव्हता. डिसेंबरच्या २२ व २३ या तारखांना लोकसभेने आणि राज्यसभेने हे दुरुस्तीचे विधेयक संमत केले. त्यावर म्हणण्यासारखी चर्चा झालीच नाही. २७ ऑक्टोबर २००९ पासून ती दुरुस्ती लागू झाली आणि तिच्याबरोबर ‘६६अ’ हे नवे कलम.

या कलमाने संगणक किंवा तत्सम साधनाद्वारे अत्यंत आक्षेपार्ह अथवा धमकीवजा मजकूर पाठविणे हा गुन्हा ठरविला. त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, धाकदपटशा, वैर, द्वेष किंवा दुर्भावना उत्पन्न करण्याच्या हेतूने, खोटी असल्याचे ठाऊक असलेली माहिती वारंवार पाठविणे हाही गुन्हा. शिवाय, नुसता त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून ई-मेल पाठविली, तरी तोही गुन्हाच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इंग्लंडच्या २००३ च्या कायद्यात अशाच अपराधास अधिकांत अधिक सहा महिन्यांची कैद होती. आणखी विशेष म्हणजे भारतातील हा गुन्हा दखलपात्र होता. अर्थात वॉरंटावाचून अटक करण्याची पोलिसांस मोकळीक होती.

या यादीत फौजदारी धाकदपटशा आणि गैरसोय हे दोन शब्द एकाच पंक्तीस बसविले होते. पहिल्याचा अर्थ कायद्यात पूर्वीपासून ठरलेला. दुसऱ्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावयाचा. कोणाची गैरसोय? किती गैरसोय? एखाद्या नगरपित्याच्या कारभारावरील खरीखुरी टीका त्या नगरपित्यास गैरसोयीची वाटणारच. आणि कलमाच्या तीन भागांपैकी दोहोंत मजकूर खरा की खोटा, हा प्रश्नच विचारलेला नव्हता.

कलमाची धार दिसून आली ती २०१२ साली. एप्रिल महिन्यात कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील एका प्राध्यापकास, मुख्यमंत्र्यांवरील एक विनोदी चित्र ई-मेलने इतरांस पाठविल्याबद्दल अटक झाली. सप्टेंबरात मुंबईत एका व्यंगचित्रकारास अटक झाली. त्याच्यावर राजद्रोहाच्या आरोपासोबत हेही कलम लावण्यात आले. ऑक्टोबरात पुदुच्चेरीतील एका व्यापाऱ्यास, एका केंद्रीय मंत्र्याच्या पुत्राविषयी ट्विटरवर लिहिल्यावरून पोलिसांनी पकडले. या तिन्ही ठिकाणी ज्यांना त्रास झाला म्हणावयाचे, ती माणसे दुर्बळ नव्हती. सत्ता त्यांच्या हाती किंवा निदान त्यांच्या घरी होती.

त्यानंतर पालघरचे प्रकरण घडले. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंत्ययात्रेस मुंबईत अलोट जनसमुदाय लोटला आणि शहरातील व्यवहार बंद राहिले. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तेथील एका तरुणीने या बंदविषयी प्रश्न उपस्थित करणारा चार ओळींचा मजकूर फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो आपणास आवडल्याची खूण केली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली. जमावाने त्या तरुणीच्या चुलत्याच्या दवाखान्याची मोडतोड केली. दोघींना जामीन मिळाला, पुढे ते प्रकरण न्यायालयात बंदही झाले आणि दोन पोलीस अधिकाऱ्यांस निलंबित करण्यात आले. परंतु दुःखाच्या दिवशी लोकांच्या भावना हळव्या असतात हे पूर्णपणे मान्य केले, तरी एक प्रश्न उरतोच. भावना दुखावल्या, तर उत्तर द्यावे, निषेध करावा, फार तर लिहिणाराशी संबंध तोडावा. त्यासाठी तुरुंगाचे दार उघडावे काय?

हाच प्रश्न घेऊन दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. पुढे अनेक व्यक्ती आणि संस्थांचे अर्ज त्यास येऊन मिळाले. केंद्र सरकारने ९ जानेवारी २०१३ रोजी राज्यांस सूचना धाडली, की वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून या कलमाखाली अटक करू नये. सूचना चांगली होती; पण तिने अटक करणारा हात बदलला, कलमातील शब्द बदलले नाहीत.

न्यायालयापुढील वाद समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. राज्यघटना लागू होऊन काही आठवडे होतात न होतात तोच, मार्च १९५० मध्ये, मुंबईत निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकास मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली. संपादक रमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे बंदीचे कारण फार सैल आहे, घटनेने घालून दिलेल्या मर्यादेत ते बसत नाही, असे सांगून न्यायालयाने बंदी रद्द केली. सरकारने १९५१ मध्ये घटनेत पहिली दुरुस्ती करून भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कारणे वाढविली. परंतु त्याच दुरुस्तीने ते निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, ही अटही घातली. आज ही कारणे आठ आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीती, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्यास चिथावणी. या यादीत त्रास नाही आणि गैरसोयही नाही.

२४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी ६६अ हे कलम समूळ रद्द केले. निकालपत्र नरिमन यांनी लिहिले. एखाद्या मताची चर्चा करणे, त्याचा पुरस्कार करणे आणि त्यायोगे चिथावणी देणे या तीन पायऱ्या त्यांनी वेगळ्या केल्या. पहिल्या दोन पायऱ्या, मत कितीही अप्रिय असले तरी, स्वातंत्र्याच्या गाभ्यात येतात. तिसऱ्या पायरीवर मात्र कायद्याने हात घालावा.

शब्दांचा सैलपणा दाखविण्यासाठी न्यायालयाने त्या कलमाच्या इंग्लंडातील भावंडाचीच साक्ष काढली. तेथे एका गृहस्थाने आपल्या पार्लमेंट-सभासदाच्या कचेरीत फोन करून वंशद्वेषाचे शब्द वापरले. खालच्या न्यायालयांस ते अत्यंत आक्षेपार्ह वाटले नाहीत, हाऊस ऑफ लॉर्ड्‌सला वाटले. दुसऱ्या प्रकरणात, बर्फामुळे बंद पडलेला विमानतळ उडवून देईन, असे एका वैतागलेल्या तरुणाने ट्विटरवर थट्टेने लिहिले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरविले, वरच्या न्यायालयाने २०१२ मध्ये सोडून दिले. कायद्यात मुरलेल्या न्यायाधीशांचे जेथे एकमत होत नाही, तेथे मोबाइलवर दोन ओळी लिहिणाऱ्या मनुष्याने आपण गुन्हा करीत आहो की नाही, हे कसे ओळखावे? आणि ओळखता येत नाही, म्हणून तो भिऊन गप्प बसला, तर कोणासही अटक न करता कलमाने आपले काम केले, असेच म्हणावे लागेल.

कलमाचा दुरुपयोग होऊ देणार नाही, असे आश्वासन सरकारतर्फे देण्यात आले. न्यायालयाने ते नाकारले. कारण सरकारे येतात आणि जातात, कायदा तसाच राहतो.

या निकालाने इंटरनेटवर रान मोकळे झाले, असे मात्र नव्हे. या माध्यमासाठी स्वतंत्र अपराध निर्माण करण्याचा अधिकार कायदेमंडळास आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मजकूर रोखण्याचे अधिकार सरकारला देणारे ६९अ हे कलमही, त्यात कारणे लेखी नोंदविण्यासारखी बंधने आहेत म्हणून, कायम ठेवले. धमकी, अब्रुनुकसानी, जातीय तेढ यांसाठी फौजदारी कायदा होताच. इंटरनेटद्वारे स्त्रीचा पाठलाग करणे हा गुन्हा २०१३ मध्ये दंड संहितेत स्पष्ट शब्दांत घातला गेला आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. म्हणजे टेलिफोनवरील त्या मुलींचे रक्षण करण्याचा जो मूळ हेतू होता, तो नेमक्या शब्दांनीही साधतो. त्यासाठी सैल शब्दांची गरज नसते.

येथे ही कथा संपावयास हवी होती. ती संपली नाही. निकालानंतर सहा वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे असे आले, की रद्द झालेल्या याच कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवीतच आहेत. अर्जदार संस्थेने मांडलेल्या आकड्यांप्रमाणे ११ राज्यांत ७४५ प्रकरणे न्यायालयांत पडून होती. न्यायमूर्ती नरिमन त्या वेळीही पीठावर होते. त्यांनी यावर धक्का बसल्याचे बोलून दाखविले. महान्यायवादींनी दिलेले स्पष्टीकरण मोठे मार्मिक आहे. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम मुख्य मजकुरात जसेच्या तसे असते आणि ते रद्द झाल्याची नोंद खाली तळटीपेत असते. पोलीस वरचे वाचतात, खालचे वाचीत नाहीत. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयास पुन्हा बजावावे लागले, की या कलमाखाली कोणावरही खटला चालू नये आणि चालू प्रकरणांतून ते वगळावे.

मोठमोठ्या हक्कांचा इतिहास सांगताना घटना, निकाल आणि न्यायमूर्तींची नावे सांगण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ६६अ कलमाची कुळकथा आणखी एक गोष्ट शिकविते. घाईच्या दिवसांत, चर्चेवाचून, परक्या घरचे जुने शब्द उचलून केलेला कायदा दोन दिवसांत संमत होतो. तो रद्द करण्यास वर्षे लागतात. आणि रद्द झाल्यावरही गावोगावच्या ठाण्यांतून त्याला हद्दपार करण्यास आणखी वर्षे लागतात. नागरिकाच्या हक्काची खरी परीक्षा दिल्लीच्या न्यायमंदिरात होत नाही. रात्री एखाद्या गावी तक्रार घेऊन जमाव ठाण्याच्या दारात उभा राहतो आणि टेबलामागचा अंमलदार कायद्याचे पुस्तक उघडतो, तेव्हा ती होते. त्या क्षणी त्याची नजर तळटीपेपर्यंत पोचते की नाही, यावर एखाद्या मुलीची ती रात्र घरी जावयाची की कोठडीत, हे ठरते.