चपाती सोसत नाही, हे आधी कुणी ओळखलं?

आज आपण जरा इतिहासाच्या गप्पा मारू. राजांचा इतिहास नाही, पोटाचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाची बैठक होती. बचतीची वही लिहून झाली, तेव्हा एका वहिनीनं हळूच कर्ज मागितलं. कशासाठी, तर पोटाच्या तपासणीसाठी. वय तिशीच्या आतलं. रक्त सातावर. लोहाच्या गोळ्या वर्षभर खाल्ल्या तरी ते वर सरकेना. जेवली की पोट फुगायचं, दिवसातून तीन-चार वेळा पळावं लागायचं. दवाखान्यात कुणी पित्त म्हणालं, कुणी जंत. घरात तर म्हणायचे, "हिला कामाचा कंटाळा." ती म्हणाली, "माहेरी बाजरीची भाकरी असते. तिकडं महिनाभर राहिले की मी बरी होते. इकडं चपाती सुरू झाली की पुन्हा तेच."

आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण आमच्यातल्याच काहींनी तिला याआधी म्हटलं होतं, "चपाती कुणाला बाधते का? नाटक करतीस."

तिच्या कर्जाला आम्ही मंजुरी दिली. शहरात रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बिणीची. आजाराचं नाव निघालं सिलिअॅक. गव्हात एक चिकट प्रथिन असतं, त्याला ग्लुटेन म्हणतात. कणीक मळल्यावर ती ताणली जाते ती त्याच्यामुळं. काही माणसांच्या शरीराला ते चालत नाही. ते पोटात गेलं की लहान आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झडते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लोह नाही, कॅल्शियम नाही. गोळ्या खाऊन रक्त का वाढत नव्हतं, ते तेव्हा आम्हाला कळलं.

मग आम्ही वाचायला लागलो, की हे जगात आधी कुणी ओळखलं?

दुखणं फार जुनं आहे. साधारण अठराशे वर्षांपूर्वी अरेटियस नावाच्या ग्रीक वैद्यानं असं पोट न धरणारे, खंगत जाणारे रोगी लिहून ठेवले. ग्रीक भाषेतल्या पोटाच्या शब्दावरूनच सिलिअॅक हे नाव आलं. पुढं १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरनं मुलांमधल्या या आजारावर लेख छापला. रोगी बरा होणार असेल तर तो खाण्यातूनच होईल, हे त्यांनी ओळखलं होतं. पण कोणतं खाणं, ते सापडेना. एका मुलाला ते रोज हॉलंडचे शिंपले खायला देत. पोर सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला, पोर पुन्हा आजारी. पुढच्या हंगामात त्यानं शिंपल्याला तोंडच लावलं नाही!

१९२४ साली अमेरिकेत सिडनी हास या डॉक्टरनं केळ्यांचा उपाय काढला. मुलांना केळी भरपूर द्यायची, पाव आणि धान्य बंद. मुलं सुधारली. लोक म्हणाले, केळ्यात जादू आहे. खरं तर जादू होती पाव बंद करण्यात. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. बरं झालेलं पोर पुन्हा पाव खायला लागायचं. मैत्रिणींनो, आपलंही असंच होतं ना? एखादीला एक गोष्ट सोडून बरं वाटतं आणि आपण गुण दुसऱ्याच गोष्टीला देतो.

खरं उत्तर सापडलं हॉलंडमध्ये. तिथं हेग शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात विल्यम डिक नावाचे डॉक्टर होते. असं सांगतात, की एका तरुण आईनं तिचा अनुभव सांगितला होता. पाव बंद केला की लेकरू सुधारतं, पाव दिला की बिघडतं. डॉक्टरांनी तो अनुभव उडवून लावला नाही. त्यांनी १९३० च्या दशकातच मुलांना गव्हाशिवाय जेवण देऊन बघायला सुरुवात केली.

मग आलं दुसरं महायुद्ध. १९४४ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं पश्चिम हॉलंडची रसद तोडली. त्या हिवाळ्याला तिथले लोक आजही भुकेचा हिवाळा म्हणतात. हजारो माणसं उपासमारीनं गेली. लोकांनी साखरेचं बीट खाल्लं, ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून खाल्ले. पाव मिळेनासा झाला. अशा दिवसांत सगळी मुलं खंगत होती, पण या आजाराची मुलं त्या मानानं बरी राहिली. युद्ध सरत आलं, पाव परत आला, आणि तीच मुलं पुन्हा आजारी पडली.

डिक यांनी पुढं सोबत्यांबरोबर मोजमाप केलं. मुलानं किती स्निग्ध खाल्लं आणि त्यातलं किती न पचता बाहेर पडलं, याचा हिशोब ठेवला. गहू दिला की न पचलेलं वाढायचं, तांदूळ, मका, बटाटा दिला की नाही. १९५० साली त्यांचा प्रबंध झाला आणि जगाला कळलं, की दोष गव्हात आहे, पोरात नाही आणि आईतही नाही.

आता आपल्याकडं या. आमच्या माणदेशात गहू रोजचं धान्य कधीच नव्हतं. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी हे आमचं खाणं. पुरणपोळी सणाला, चपाती पाहुण्याला. १९५६ पासून पीएल ४८० कराराखाली अमेरिकेचा गहू देशात यायला लागला. १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं बियाणं आलं, हरितक्रांती झाली. देशाची भूक भागली, हे खरंच मोठं काम झालं. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आज्या-आत्या खडी फोडायला गेल्या. मिलो नावाची लाल ज्वारी आणि सुकडी त्यांच्या अजून आठवणीत आहे. पुढं रेशनवर गहू-तांदूळ कायमचे झाले. चपाती रोजची झाली, आणि भाकरी गरिबीची खूण ठरली. मुलीला भाकरी थापता येत नाही, हे आम्ही कौतुकानं सांगायला लागलो. २०२३ हे जगाचं भरडधान्य वर्ष ठरलं, तेव्हा तीच भाकरी शहरातल्या हॉटेलात ताठ मानेनं बसली!

म्हणून सगळ्यांनी गहू सोडा, असं आम्ही म्हणत नाही. ज्यांना तो पचतो त्यांच्यासाठी तो चांगलं अन्न आहे. हा आजार जगात साधारण शंभरात एकाला असतो. पण तुमच्या घरात तो एक असेल, तर त्याचं ऐकलं पाहिजे. आणि तपासणीआधी मनानं गहू बंद करू नका. गहू खाणं चालू असेल तरच रक्ताच्या तपासणीत आजार नीट कळतो. आजार ठरला, की गहू आणि जव आयुष्यभर बंद. सख्ख्या भावंडांनी आणि लेकरांनीही तपासून घ्यावं, कारण तो रक्ताच्या नात्यात असू शकतो.

आमच्या वहिनीनं चपाती सोडली, तरी दोन महिने तिला पुरतं बरं वाटेना. मग लक्षात आलं, की गिरणी एकच. गव्हानंतर त्याच जात्यात ज्वारी पडते. चिमूटभर कणीकही तिला बाधते. आम्ही गिरणीवाल्या दादांशी बोललो. आता सोमवारी सकाळी गिरणी झाडून आधी भाकरीचं पीठ निघतं, पहिलं किलोभर बाजूला काढतात, मग तिचं दळण. हिंगात कणीक मिसळलेली असते, ते आम्हाला पुडीवर वाचून कळलं. शेवया, रवा, बिस्कीट, कुरडई हेही गव्हाचंच. तिच्या सासूबाई आता भाकरीचा तवा आणि परात वेगळी ठेवतात. पहिल्यांदा नाटक म्हणणाऱ्या त्याच होत्या.

व्यायामाचंही तसंच. आम्ही गटात सूर्यनमस्कार सुरू केले होते. ती तिसऱ्याला बसायची, आम्ही हसायचो. रक्त सातावर असलेल्या बाईकडून आम्ही बारा नमस्कार मागत होतो! आता ती आधी घर ते मंदिर चालली. मग एसटी थांब्यापर्यंत. रक्त अकराच्या वर गेल्यावर तिनं नमस्कार सुरू केले, चार. चार तर चार. दुसऱ्या एका काकूंना दूध सोसत नाही, पण ताक चालतं. विरजण लागताना दुधातली साखर कमी होते, म्हणून. त्या कोरा चहा घेतात आणि जेवताना ताक. प्रत्येकीचं गणित वेगळं.

ते गणित मांडायला वही लागते, आणि वही तर आपल्याकडं आहेच. काय खाल्लं, किती वेळानं काय झालं, पंधरा दिवस लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. त्या हॉलंडच्या आईकडं तपासणीचं यंत्र नव्हतं. तिनं फक्त लेकराकडं नीट बघितलं आणि जे दिसलं ते सांगितलं. ऐकणारा भेटला, म्हणून पुढं कितीतरी लेकरं वाचली.

आमची वहिनी मात्र गटात तीन वर्षं सांगत होती. ऐकायला उशीर आम्ही केला. तुमच्या गटात तो होऊ नये, एवढ्यासाठी आज हे बोललो. पुढच्या बैठकीत वही बंद करण्याआधी एकदा विचारा, "कुणाला काय सोसत नाही?" आणि जी बोलेल तिला हसू नका.