चित्रकाराचे संकेतस्थळ : अनुकरणाचा इतिहास आणि नियोजन

प्रस्तावना

स्वतःचे संकेतस्थळ उभारू पाहणारा चित्रकार प्रथम इतर चित्रकारांची संकेतस्थळे पाहतो. कोणती चित्रे आधी ठेवली आहेत, विभाग कसे पाडले आहेत, परिचय किती लांबीचा आहे, हे तो टिपून घेतो व त्यावरून आपला आराखडा तयार करतो. ही रीत रास्तच आहे. परंतु पाहिलेली रचना मुळात कोणत्या गरजेतून निर्माण झाली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

क्लोदची वही आणि टर्नर

दुसऱ्याचा संग्रह पाहून आपला संग्रह रचण्याची प्रथा महाजालाहून फार जुनी आहे. रोममध्ये राहणाऱ्या क्लोद लोरँ या निसर्गचित्रकाराने सुमारे १६३५ पासून आपल्या चित्रांची रेखाटने एका वहीत करून ठेवली. त्याच्या नावावर बनावट चित्रे विकली जात असल्याने खऱ्या चित्रांचा पुरावा असावा, हा त्यामागील हेतू असल्याचे त्याचा चरित्रकार बाल्दिनुच्ची सांगतो. ‘लिबर व्हेरिटाटिस’, म्हणजे सत्याची वही, या नावाने ती ओळखली जाते. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रिचर्ड अर्लम याने तिच्यावरून केलेली तपकिरी छटेतील मुद्राचित्रे १७७७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. इंग्रज चित्रकार टर्नर याच्यासमोर हाच नमुना होता.

१८०७ मध्ये टर्नरने ‘लिबर स्टुडिओरम’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. नावाची धाटणी आणि तपकिरी छटा त्याने उचलल्या. हेतू मात्र बदलला. त्याला पुरावा नको होता, निसर्गचित्राचा आवाका दाखवावयाचा होता. म्हणून त्याने ऐतिहासिक, पर्वतीय, ग्रामीण, सागरी, वास्तुविषयक असे वर्ग पाडले व मुद्राचित्रांवर वर्गाची आद्याक्षरे छापली. ही वर्गवारी क्लोदच्या वहीत नव्हती. योजलेल्या १०० मुद्राचित्रांपैकी ७१ प्रसिद्ध झाल्यावर १८१९ मध्ये उपक्रम थांबला. परंतु नमुना पाहून विचार करणे आणि नमुना गिरवणे यांतील अंतर त्यावरून स्पष्ट होते.

लघुप्रतिमांची जाळी

संकेतस्थळांच्या बाबतीत हे अंतर पुसट होण्याचे एक कारण तांत्रिक आहे. महाजालाच्या आरंभकाळापासून ब्राउझरमध्ये कोणत्याही पानाची मूळ संहिता उघडून पाहण्याची सोय होती. १९९० च्या दशकातील कित्येक जण या सोयीतूनच पाने रचावयास शिकले. गुरूच्या चित्राची नक्कल करीत शिकण्याच्या जुन्या कलाशाळेशी तिचे साम्य आहे. फरक इतकाच की येथे गुरूला शिष्याचा पत्ताच नसे.

या मार्गाने पसरलेली सर्वांत रूढ रचना म्हणजे लघुप्रतिमांची जाळी. २८.८ किलोबिट वेगाच्या मॉडेमवर १०० किलोबाइटचे एक चित्र उतरण्यास जवळजवळ अर्धा मिनिट लागे. तेव्हा पानावर लहान प्रतिमा ठेवून मोठ्या चित्राकडे दुवा देणे ही सोय होती, सौंदर्यदृष्टी नव्हे. मंद गतीची अडचण बहुतांश सरली, जाळी मात्र राहिली. तिच्यात तळहाताएवढे लघुचित्र आणि भिंतभर भित्तिचित्र एकाच मापाचे दिसतात, ही चित्रकाराची मोठीच हानी होय. चित्राचे माप सेंटिमीटरमध्ये नोंदवून ती पूर्णपणे भरून निघत नाही. तरीही कित्येक ठिकाणी तेवढेही केलेले आढळत नाही.

नाहीसे झालेले नमुने

१९९६ अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने विकत घेतलेले तंत्र पुढे ‘फ्लॅश’ या नावाने रूढ झाले आणि हालचाल, ध्वनी व अक्षररचना यांवर चित्रकाराचा ताबा आला; मात्र मूळ संहिता सहज वाचण्याची सोय गेली. या काळात जोशुआ डेव्हिस याने ‘प्रेस्टेशन’ या आपल्या संकेतस्थळावरील कृतींच्या मूळ फाइल्स इतरांसाठी खुल्या केल्या, ही घटना म्हणूनच महत्त्वाची आहे. त्या संकेतस्थळास २००१ मध्ये आर्स इलेक्ट्रॉनिकाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २००७ च्या आयफोनने फ्लॅशला थारा दिला नाही आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा अधिकृत आधारही संपला. फ्लॅशमध्ये रचलेली संकेतस्थळे सामान्य ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. तत्पूर्वी, २००९ मध्ये, जिओसिटीजची अमेरिकेतील सेवा बंद पडली होती. तेथील ‘सोहो’ या विभागात कलावंतांची वैयक्तिक पाने होती. स्वयंसेवकांनी त्यांतील बराच भाग उतरवून घेतला, सर्व नव्हे.

त्यामुळे आज अभ्यासासाठी जे नमुने समोर येतात, ते तग धरलेले नमुने असतात. उत्तम असतीलच असे नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये जुन्या पानांच्या प्रती वर्षवार पाहता येतात. एकाच चित्रकाराचे पान २००० साली कसे होते आणि पुढे त्याने काय वगळले, हे तेथे ताडून पाहता येते. असे टिपण करताना पान कोणत्या तारखेचे आहे हे प्रथम लिहावे. कित्येक प्रतींमध्ये शीर्षक, परिचय आणि चित्राखालील ओळ शाबूत असते. चित्राच्या जागी रिकामा चौकोन असतो.