परभणीचा एनएचएच-४४ आणि सरकारी बीटी कापसाचा वाद: संशोधकाची जबाबदारी कुठवर?

परभणी जिल्ह्यातल्या जुन्या कापूस उत्पादकांना 'एनएचएच-४४' हे नाव नवं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने हा संकरित वाण १९८० च्या दशकात दिला. कोरडवाहूत टिकणारा म्हणून तो चालला.

२००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बाजार खासगी कंपन्यांच्या संकरित बियाण्यांनी व्यापला. याला सरकारी पर्याय हवा होता. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ यांच्या प्रकल्पातून 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणाचं बीटी रूप तयार झालं. एनएचएच-४४ चंही बीटी रूप त्याच प्रकल्पातलं. सरळ वाणाचा मोठा फायदा असा की घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरता येतं. दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागत नाही. त्यामुळे शेतकऱ्यांच्या अपेक्षा मोठ्या होत्या.

२००९ च्या खरिपात बियाणं शेतात गेलं. पण लवकरच विक्री थांबली. आपलं स्वतःचं म्हणून सांगितलेल्या या बियाण्यात मोन्सँटोच्या 'मॉन-५३१' चा अंश सापडला होता. २०१२ मध्ये डॉ. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिनेही हा अंश असल्याचं नोंदवलं आणि कामाच्या पद्धतीवर बोट ठेवलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट हवी: मूळ एनएचएच-४४ वर या वादाचा डाग नाही. प्रश्न त्यात घातलेल्या जनुकाचा होता.

मग नेमकी जबाबदारी कोणती? जनुक कुठून आलं, कोणत्या रोपात गेलं, पुढच्या पिढ्यांत काय उतरलं, याची लेखी नोंद ठेवणं. बियाणं बाहेर देण्याआधी त्याची शुद्धता तपासणं, शक्यतो दुसऱ्या प्रयोगशाळेकडून. शंका आली की ती लगेच जाहीर करणं. हे काम कंटाळवाणं असतं, त्याला बातमीत जागा मिळत नाही, आणि घाईत सर्वांत आधी तेच सुटतं.

शेतकऱ्यासाठी कायद्याचा आधार आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार नोंदणीकृत वाणाकडून अपेक्षित कामगिरी काय, हे पैदासकाराने सांगायचं असतं. वाण तसा उतरला नाही तर शेतकरी भरपाईचा दावा करू शकतो. त्यासाठी पावती, पाकीट आणि थोडं उरलेलं बी जपून ठेवावं.