कर्करोग शस्त्रक्रियेनंतरच्या पोषणविषयक गुंतागुंतीचे पूर्वानुमान

कर्करोग शस्त्रक्रियेनंतरच्या पोषणविषयक गुंतागुंतीचे पूर्वानुमान म्हणजे कुपोषण, रक्तक्षय किंवा जीवनसत्त्वांची उणीव उद्भवण्याची शक्यता रुग्णाच्या उपलब्ध नोंदींवरून आधीच वर्तवणे होय. यासाठी मशीन लर्निंगचा (यंत्र अध्ययनाचा) उपयोग केला जातो. पूर्वीच्या रुग्णांचे वय, वजनातील घट, रक्तातील अल्ब्युमिन, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि पुढे झालेला त्रास यांतील संबंध शोधून प्रणाली नव्या रुग्णाचा धोका सांगते.

गुंतागुंतीचे स्वरूप

जीभ किंवा जबडा काढल्यास चावणे व गिळणे कठीण होते. काही काळ नाकातून घातलेल्या नळीने अन्न द्यावे लागते. स्वादुपिंडाचा भाग काढल्यास स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत. संपूर्ण जठर काढल्यास ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणास आवश्यक असलेला घटक शरीरात तयार होत नाही. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने ही उणीव उशिरा प्रकट होते. भिवंडीतील रुग्णाची शस्त्रक्रिया मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाली आणि नंतरच्या तपासण्या घराजवळच्या दवाखान्यात झाल्या, तर दोन्हीकडच्या नोंदी जोडल्याशिवाय ही उणीव प्रणालीला कळत नाही. जी गुंतागुंत नोंदलीच गेली नाही, ती प्रणालीच्या लेखी घडलेलीच नसते.

मर्यादा

एका देशातील रुग्णांवर घडवलेली प्रणाली दुसरीकडे वापरण्यापूर्वी तेथील रुग्णांवर पडताळावी लागते. उंची व वजनावरून काढला जाणारा बॉडी मास इंडेक्स येथे विशेष फसवा ठरतो. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले: दोघांचा निर्देशांक २२.३ असूनही युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. म्हणजे वजन पुरेसे दिसले तरी स्नायू कमी असू शकतात, आणि शस्त्रक्रियेनंतर शरीराची भिस्त बऱ्याच अंशी स्नायूंतील प्रथिनांवर असते. कुपोषणाच्या ‘ग्लिम’ निकषांतही सत्तर वर्षांखालील व्यक्तींसाठी २० ही सीमा असून आशियाई लोकांसाठी ती १८.५ धरली आहे. स्नायूंचे प्रमाण हा तेथे वेगळा निकष आहे.

उपयोग

पोषणाचा तीव्र धोका असलेल्या रुग्णास, शस्त्रक्रिया लांबली तरी, आधी ७ ते १४ दिवस पोषणोपचार द्यावेत अशी ‘एस्पेन’ या युरोपीय संस्थेची शिफारस आहे. प्रणालीने असा रुग्ण चुकून सुरक्षित गटात टाकल्यास ही मुदत हातची जाते. म्हणून तिचा निष्कर्ष आहारतज्ज्ञाच्या प्रत्यक्ष तपासणीला पूरक मानला जातो.