शिंदीची झाडे आणि सरकारची तिजोरी

सोलापूरच्या इतिहासाचा विषय निघाला की १९३० सालचा मार्शल लॉ, चार हुतात्मे आणि नगरपालिकेवर फडकलेला तिरंगा यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शाळेतील भाषणांपासून चार पुतळ्यापाशी होणाऱ्या अभिवादनापर्यंत ही कथा आपण सर्वांनी अनेकदा ऐकलेली आहे. परंतु ८ मे १९३० रोजी रूपाभवानी परिसरात तो जमाव कशासाठी गोळा झाला होता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो जमाव शिंदीची झाडे तोडण्यासाठी गेला होता. एक झाड तोडणे म्हणजे सरकारच्या उत्पन्नाची एक बाब तोडणे, हे त्या काळी गिरणीत काम करणाऱ्या अशिक्षित मजुरालाही ठाऊक होते. आज ते समजावून सांगावे लागते, कारण अबकारीचा इतिहास आपल्या विस्मरणात गेला आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचे काही धागे सुज्ञ वाचकांपुढे ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.

मुंबई इलाख्यात मद्यावरील कराची पक्की घडी बसली ती १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. त्यापूर्वी गावोगावच्या लहान भट्ट्या मक्त्याने दिल्या जात. नव्या व्यवस्थेत दारू गाळण्याचे काम मोजक्या मोठ्या भट्ट्यांवर एकवटले, तेथून बाहेर पडणाऱ्या दारूवर तिच्या तीव्रतेनुसार कर बसू लागला आणि विक्रीच्या दुकानांचे लिलाव होऊ लागले. ताडी व शिंदीच्या बाबतीत तर रस काढायच्या प्रत्येक झाडामागे कर होता. झाड कोणाच्याही शेतात उभे असो, सरकारच्या परवान्यावाचून त्याला छेद देता येत नसे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही झाडपट्टी एकदम वाढवल्याने भंडारी समाजात मोठा असंतोष पसरला. १८९२ साली त्याच भागात मोहाची फुले गोळा करण्यावरही कायद्याने निर्बंध आले. कर वाढवला म्हणजे मद्यपान आपोआप आटोक्यात येते, असे सरकारचे म्हणणे होते. प्रत्यक्षात अबकारीचे उत्पन्न वाढतच गेले, आणि एकदा त्या उत्पन्नाची सवय लागल्यावर सरकारला मद्यपान कमी झालेले परवडणार नव्हते. या एका गाठीभोवतीच पुढचा सारा इतिहास फिरत राहिलेला दिसतो.

विरोधही आरंभापासून होता. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातील दुकानांवर स्वयंसेवकांनी निरोधन केले. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर तर परिस्थिती अधिकच विचित्र झाली. शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती प्रांतातील लोकनियुक्त मंत्र्यांच्या वाट्याला आली. म्हणजे गावात शाळा काढायची तर पैसा यायचा तो मुख्यतः गुत्त्यातून! महात्मा गांधींना ही गोष्ट फार बोचत असे. १९३७ साली वर्धा येथे त्यांनी स्वावलंबी शिक्षणाची जी कल्पना मांडली, तिच्यामागे शाळेला दारूच्या पैशातून मुक्त करण्याचाही विचार होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

आता सोलापूरकडे वळू. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी, आपली ‘जुनी मिल’, उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू आणि लक्ष्मी या गिरण्या आल्या. हजारो कामगार आणि हातमागावर राबणारी हजारो कुटुंबे असलेल्या या शहरात रोख मजुरी दर पगाराला हाती पडत असे, आणि जेथे रोख मजुरी तेथे गुत्तेदाराची नजर, हे सर्वच गिरणगावांचे दुर्दैव होते. भोवतालच्या माळरानांवर आणि ओढ्यांच्या काठी शिंदी मुबलक. शिवाय तुळजापूर, नळदुर्ग हा शेजार निजामाच्या राज्यात होता आणि तेथेही अबकारी हे उत्पन्नाचे एक प्रमुख साधन होते.

अशा शहरात १९३० चा सविनय कायदेभंग आला. मिठाच्या कायद्याला समुद्रकिनारा हवा. सोलापूरला तो कुठून असणार? पण मीठ आणि शिंदी या दोहोंत एक साम्य होते. निसर्गाने दिलेल्या वस्तूवर सरकारने शिक्का मारून कर बसवलेला होता. गांधीजींनी सुरत जिल्ह्यात ताडीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम एप्रिलमध्येच दिला होता. सोलापुरात ६ एप्रिल रोजी, नगराध्यक्ष माणिकचंद रामचंद शहा यांच्या कारकिर्दीत, नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. रामकृष्ण जाजू, तुळशीदास जाधव आदी नेत्यांनी शहर जागे केले होते. ५ मे रोजी गांधीजींच्या अटकेची वार्ता येताच हरताळ पडला आणि वातावरण तापले.

८ मे रोजी जमाव रूपाभवानीच्या बाजूला शिंदीच्या झाडांकडे गेला. झाडे तोडल्यावरून पोलिसांनी काही जणांना पकडले. त्यांना सोडावे म्हणून लोकांनी वाट अडवली. जिल्हाधिकारी नाइट आणि पोलीस तेथे पोहोचले, गोळीबार झाला आणि हाती तिरंगा घेतलेला तरुण शंकर शिवदारे धारातीर्थी पडला. ही बातमी शहरात पसरताच संतापाचा भडका उडाला. पोलीस चौकी आणि न्यायालयाची इमारत पेटली, पोलीसही मारले गेले. त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ता नावालाही उरली नाही आणि व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. १२ मे रोजी सरकारने लष्करी कायदा पुकारला, तो जूनअखेरपर्यंत चालला. तिरंगा जवळ बाळगणे हादेखील त्या दिवसांत गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि ‘गझनफर’चे संपादक कुर्बान हुसेन यांच्यावर पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. लिंगायत, मराठा, मारवाडी आणि मुसलमान अशा चार घरांतील हे चौघे. आणि आरंभ शिंदीच्या झाडापासून. स्वातंत्र्यलढ्याच्या ग्रंथांतून या झाडांना एखादे वाक्य मिळते, त्यापेक्षा त्यांचा वाटा मोठा आहे असे आम्हांस वाटते.

पुढे सत्ता हाती आल्यावर काँग्रेसने दिलेला शब्द पाळायचा ठरवला, तेव्हा तिजोरीचा प्रश्न समोर उभा राहिला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर यांच्याकडे अबकारी खाते होते. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी जाहीर झाली आणि बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरी घरभाड्याच्या मूल्यावर दहा टक्के मालमत्ता कर बसवण्यात आला. घरमालकांनी मोठी ओरड केली. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला आणि १९४० साली उच्च न्यायालयाने या बंदीची अधिसूचनाच कायद्याला धरून नसल्याचा निर्णय दिला. मद्रास प्रांतात राजाजींनी १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यापासून दारूबंदीस सुरुवात केली आणि तूट भरण्यासाठी १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर आणला.

या ठिकाणी व्यापारी वाचकांनी क्षणभर थांबावे. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ज्या विक्रीकराच्या चोपड्या लिहिल्या, त्याच्या देशातील उगमाशी दारूबंदी आहे. मुंबई प्रांतातही १९४६ साली विक्रीकर कायदा झाला आणि संपूर्ण दारूबंदी आल्यानंतर सरकारच्या तिजोरीला मुख्य आधार त्याचाच राहिला. मद्यत्याग हा आपल्याकडे श्रावकाच्या अष्टमूलगुणांतच गणला जातो. त्यामुळे दारूबंदी हा प्रश्न दुसऱ्यांच्या घरचा, अशी आपली समजूत होऊन बसते. परंतु गुत्त्याचा पैसा सोडून राज्य चालवायचे तर तो भार कापडाच्या, किराण्याच्या आणि भांड्यांच्या दुकानांनी उचलावा लागतो, हे नवी पेठेतील जुन्या पिढीने अनुभवले आहे.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली मंजूर झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात दारूबंदी लागू झाली. एप्रिलच्या सहा तारखेची निवड अर्थातच मिठाच्या सत्याग्रहाची स्मृती म्हणून होती. मोरारजी देसाई यांनी हा कायदा कठोरपणे राबवला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः ग्राह्य धरला; मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरील बंधने मात्र रद्द केली. बंदीच्या सावलीत हातभट्टी फोफावली, हे सर्वश्रुत आहे. गूळ आणि नवसागर यांची रसायने नाल्यांच्या काठी शिजू लागली. या दारूवर कर नव्हता आणि तिच्या शुद्धतेची हमीही नव्हती. साठच्या दशकात सरकारने परवान्यांच्या अटी सैल करण्यास आरंभ केला आणि १९७३ च्या देशी मद्य नियमांनंतर देशी दारूची दुकाने उघडपणे चालू लागली. कायदा मात्र आजही दारूबंदीचाच आहे! मद्य पिणाऱ्याजवळ परवाना असावा, अशी त्यात तरतूद आहे. बिअर व वाइनसाठी २१ वर्षे आणि अन्य मद्यांसाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीत रुळला तो यामुळेच.

आपल्या जिल्ह्याचा मद्याशी दुसराही संबंध आहे. साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क बनतो, आणि कारखान्यांच्या बाबतीत सोलापूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. २००७ साली सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्यांना प्रतिलिटर १० रुपये अनुदान देण्याचे ठरवले, तेव्हा मंगळवेढ्याच्या ज्वारीचे काय होणार, हा प्रश्न येथील शेतकऱ्याला पडला असल्यास नवल नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्या धोरणाला जाहीर विरोध केला होता.

२०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि गाठ अधिक घट्ट झाली. चादरीवर किंवा टॉवेलवर किती कर असावा, हे आता राज्य एकटे ठरवू शकत नाही. मानवी सेवनासाठीचे मद्य मात्र घटनेनेच या कराबाहेर ठेवले आहे. म्हणजे राज्याला स्वतःच्या मर्जीने दर वाढवता येतील अशा ज्या थोड्या वस्तू उरल्या, त्यांत पेट्रोल-डिझेल आणि दारू या प्रमुख होत. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले, देशी मद्याचे शुल्क प्रूफ लिटरला १८० वरून २०५ रुपये केले आणि त्यातून १४,००० कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षित धरले. दर वाढवल्याने मद्यपान घटेल की तिजोरी भरेल, हा १८७८ चा प्रश्न नव्या आकड्यांसह पुन्हा उभा आहे. दोन्ही एकाच वेळी होतील, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवणे आम्हांस कठीण जाते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठवताना अवैध विक्रीबरोबर बुडालेल्या महसुलाचाही उल्लेख झालाच.

मात्र सामान्य माणसाच्या हाती काहीच नाही, असेही नव्हे. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. हातभट्टीवर केवळ छापे न घालता त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा हा प्रयत्न सर्वत्र वाखाणला गेला. २००८ च्या नियमांनुसार गावातील किंवा प्रभागातील महिलांना मतदानाने दुकान बंद करता येते; ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ते मतदान प्रसिद्ध आहे. त्यातील अट कठीण आहे. मतदानाला आलेल्यांचे बहुमत पुरत नाही, यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. जी माउली त्या दिवशी मजुरीला गेली, तिचे मत दुकानाच्या बाजूने पडल्यासारखेच होते.

विश्वस्त मंडळींच्या उपयोगाची एक गोष्ट येथे नमूद करणे आवश्यक वाटते. महानगरपालिका हद्दीत शाळा आणि धार्मिक स्थळांपासून ७५ मीटरच्या आत मद्यविक्रीचा परवाना देता येत नाही. परंतु नियमांतील व्याख्येप्रमाणे धार्मिक स्थळ म्हणून संरक्षण मिळते ते मुख्यतः सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या ताब्यातील देवस्थानास. खेड्यापाड्यांतील आपली कित्येक लहान चैत्यालये अद्याप कोणत्याही नोंदवहीत नाहीत, त्यांची नोंदणी त्या त्या गावच्या पंचांनी लवकर करून घ्यावी.